‘लायसन्स लागत नाही’ म्हणून विकलेली स्कूटर

दहावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला इलेक्ट्रिक स्कूटर भेट द्यायचा बेत गोव्यात सध्या घरोघरी शिजतो. तुमच्याही घरी शिजत असेल आणि दुकानदार म्हणत असेल की ‘हिला लायसन्स नको, नंबर नको, इन्शुरन्स नको’, तर पैसे द्यायच्या आधी हे शेवटपर्यंत वाचा. आमच्या घरात या एका वाक्यामुळे जे घडलं ते दुसऱ्या कुणाच्या घरात घडू नये म्हणून लिहितोय.

माझी भाची सोळा वर्षांची. घर फोंडा तालुक्यात नागेशीच्या बाजूला, हायर सेकंडरी फर्मागुडीला. अंतर फार नाही, पण सकाळची बस चुकली की पुढची कधी मिळेल याचा भरवसा नाही आणि पावसात चढ चालत जायचं म्हणजे वर्गात पोचेपर्यंत पोर भिजून चिंब. बहिणीने विषय काढला, मी म्हटलं दहावीची भेट मामाकडून. म्हापशाच्या बाजूला एका दुकानात आम्ही तिघं गेलो. पहिला प्रश्न बहिणीनेच विचारला, “मुलगी सोळाची आहे, पोलीस धरणार नाहीत ना?” मालक म्हणाला, “ताई, ही अडीचशे वॅटची. पंचवीसच्या वर जात नाही. सायकलच समजा. बाराव्या वर्षापासून मुलं चालवतात आमच्याकडची.” हेच त्याने नंतर व्हॉट्सॲपवरही लिहून पाठवलं. तो मेसेज आज आमच्या फार कामाला येतोय.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण फसवणूक नेमकी याच्या आडोशाने होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बॅटरीवरच्या दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. पण दुकानदाराच्या तोंडी हमीला इथे किंमत नाही. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयसीएटी अशा सरकारमान्य चाचणी संस्थेने त्या मॉडेलची तपासणी करून तसं लिहून दिलेलं असावं लागतं. यातली एक अट जरी मोडली तरी ती गाडी सरळ मोटारसायकलच्या रांगेत जाते. मग नोंदणी हवी, हिरवी नंबरप्लेट हवी, विमा हवा आणि चालवणाऱ्याचं वय अठरा हवं. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरतं असतं, आणि तसल्या गाड्या आता बाजारात जवळपास मिळतच नाहीत.

म्हणजे नियमात बसणाऱ्या गाड्या आहेत. मग फसवणूक कुठे? चढावर. गोव्यात चार किलोमीटर सपाट रस्ता सापडणं मुश्कील. खरीखुरी अडीचशे वॅटची गाडी, त्यात जड बॅटरी आणि वर बसलेलं माणूस, फर्मागुडीच्या चढावर अक्षरशः रांगते. अशी गाडी इथे कोण घेणार? दुकानदारालाही हे ठाऊक असतं. म्हणून तो आत मोठी मोटर बसवतो आणि वर अडीचशेचा कागद चिकटवतो. आम्हाला त्याने दुकानामागच्या चढावर ट्रायल दिली होती. गाडी कुठेही न दमता वर गेली आणि बहीण खूश झाली. तुमच्या बाबतीत असं घडलं तर तिथेच थांबा. लायसन्स लागत नाही म्हणतात आणि गाडी चढ सुसाट चढते, या दोन गोष्टी एका गाडीत नांदत नाहीत.

जुलैत अपघात झाला. उतारावर, ओल्या रस्त्यात, पुढे एक गृहस्थ आपली स्कूटर वळवत होते. भाचीने ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. त्यांच्या पायाचं हाड मोडलं आणि हिचं मनगट. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. देवाची कृपा म्हणायची, पण हेल्मेट घातलंच पाहिजे हा हट्ट बहिणीचा होता, तेही सांगायला हवं.

गाडी पोलीस ठाण्यात गेली आणि वाहतूक खात्याचे निरीक्षक तपासायला आले. मी समोर उभा होतो. त्यांनी आधी मागचं चाक बघितलं. मोटर चाकाच्या मधोमध असते, तिच्या झाकणावर ‘२५० वॅट’ असं चकचकीत स्टिकर होतं. त्यांनी नखाने त्याचा कोपरा उचलला आणि सावकाश सोलून काढलं. खाली धातूवर कोरलेलं होतं, ६० व्होल्ट, १००० वॅट. मग सीट उघडून कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी पेटी, दाखवला. त्यातून एक पांढरी वायर बाहेर आली होती, तिची दोन टोकं सोडवून टेपने गुंडाळून ठेवलेली. ती जोडली की वेगाला लगाम बसतो, सोडली की गाडी मोकळी. म्हणाले, “तपासणीला आली की जोडायची, गिऱ्हाइकाला देताना सोडायची.” आमची सोडलेली होती. ब्रेक मात्र हलक्या गाडीचे, ताशी पंचवीसच्या हिशोबाने बसवलेले. चाळिशी-पन्नाशीच्या वेगाने उतारावरून येणारी गाडी त्यांनी थांबणार कशी?

सीटखाली आणखी एक गोष्ट निघाली. बोली लिथियम बॅटरीची झाली होती, तीन वर्षांच्या वॉरंटीसह, आणि पैसेही त्याच भावाने घेतले होते. आत होत्या बारा व्होल्टच्या पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या, एकेक उचलताना हात खाली जावा इतक्या जड. गाडीचं वजन वाढण्याचं ते एक मोठं कारण.

कागद बघितले तेव्हा बाकीचं उलगडलं. बिलावर ‘ई-बाईक’ एवढाच शब्द. चासी नंबर नाही, मोटरचा नंबर नाही, बॅटरीचा नाही. चाचणी संस्थेचं म्हणून दिलेलं प्रमाणपत्र खरं असेलही, पण त्यातलं मॉडेलचं नाव आमच्या गाडीवरच्या नावाशी जुळत नव्हतं, शेवटची दोन अक्षरं वेगळी. झेरॉक्स पुसट होती, मुद्दाम पुसट दिली असावी असंच मला वाटतं. तुम्ही घ्याल तेव्हा प्रमाणपत्रावरचं पूर्ण नाव, मोटरची शक्ती आणि वेग हे गाडीवरच्या पाटीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. बिलावर सगळे नंबर लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान. सपाट रस्त्यावर लायसन्सवाल्या मोठ्या माणसाने गाडी पूर्ण वेगाने चालवून मोबाईलच्या जीपीएसवर वेग बघावा. गाडीच्या मीटरवर विसंबू नका, तो हवं ते दाखवतो.

आता भार कुणावर पडतो ते ऐका. विमा नाही, त्यामुळे त्या गृहस्थांच्या उपचारांचा खर्च आमच्या खिशातून. तो आम्ही दिला, द्यायलाच हवा होता, त्यांचा काय दोष? पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९ए आलं. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत शिकाऊ लायसन्ससुद्धा नाही. आणि पालकाची संमती होती असं न्यायालय आधीच गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरती काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं. स्टिकर चिकटवणारा दुकानात गल्ल्यावर बसलेला, आणि माझी बहीण, जिने पहिलाच प्रश्न पोलिसांचा विचारला होता, ती वकिलाकडे फेऱ्या मारतेय. याचा मला मनापासून संताप येतो.

प्रकरण अजून चालू आहे. दुकानदाराविरुद्ध पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगातही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दुकान उत्तर गोव्यात असलं तरी फोंड्याच्या माणसाला दक्षिण गोव्याच्या आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. नुसती चौकशी करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

ज्यांच्या अंगणात अशी गाडी आधीच उभी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. मुलांकडून चावी काढून घ्या आणि मोटरवरचं स्टिकर, सीटखालच्या वायरी, बॅटऱ्या, सगळ्याचे फोटो तारखेसह काढून ठेवा. मगच दुकानदाराला फोन करा. आमच्या अपघाताची बातमी लागल्यावर त्याचा माणूस दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन बहिणीच्या दारात हजर झाला होता, “ताई, फुकट सर्व्हिसिंग करून आणून देतो” म्हणत. गाडी तेव्हा पोलीस ठाण्यात होती म्हणून पुरावा राहिला. नाहीतर ती वायर जोडून, मोटर बदलून, नवं बिल घेऊनच परत आली असती. सर्व्हिसिंगला म्हणून गाडी त्यांच्या ताब्यात देऊ नका.