गटाने पुस्तक घेऊन चालायचं, तर मेहरूण की पाटणादेवी?

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' महिन्यांप्रमाणे लिहिलेलं आहे, त्यामुळे चालता-चालता चर्चेला चालू महिन्याचाच लेख घ्यावा. प्रश्न जागेचा.

मेहरूण तलाव जळगाव शहरातच. शेजारी-शेजारी चालता येतं, बोलणं तुटत नाही. त्रास वाऱ्याचा: पानं फडफडतात, म्हणून लेखाची झेरॉक्स पुठ्ठ्याला चिमट्याने लावा. वैशाखात सहालाच निघा. आठनंतर ऊन चटकतं. हिवाळ्यात मेहरूणची बोरं असतातच (खिशात असली की चर्चा लांबते).

पाटणादेवी चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, गौताळा अभयारण्यात. जंगलातल्या पायवाटेवर एकामागे एक चालावं लागतं, मागच्यांना काही ऐकू येत नाही. म्हणून चालताना गप्प राहायचं. अर्ध्या किलोमीटरवर थांबून, गोल करून, एकच परिच्छेद मोठ्याने वाचायचा. दहाच्या वर माणसं नकोत. माणशी दोन लिटर पाणी. माकडांसमोर पिशवी उघडू नका. ओढ्याला पाणी चढलं असेल तर बेत रद्द. फाल्गुनाचा लेख मात्र इथेच, फुललेल्या पळसाखाली वाचावा: कळीचं काळपट टोपण बोटाला मखमलीसारखं लागतं.

दर आठवड्याला मेहरूणच परवडतं. पाटणादेवी वर्षातून दोनदा, फाल्गुनात आणि पाऊस ओसरल्यावर.