मोठ्या आवाजाच्या हॉर्नच्या नादात मी फसलो, तुम्ही तरी नीट बघून घ्या

गाडी वडिलांची, 2007 ची स्प्लेंडर प्लस, आता मी चालवतो. रोज सासवडवरून दिवे घाट उतरून हडपसरला कामाला जायचं आणि संध्याकाळी परत. हॉर्नचा आवाज पार बसला होता, बटण दाबलं की नुसतं घर्र घर्र. मे महिन्यात घाट चढताना एका पाण्याच्या टँकरला ओव्हरटेक करत होतो आणि तो अचानक माझ्या अंगावर आला, मी बटण दाबून धरलेलं पण त्याला काही पत्ताच नाही, कसाबसा ब्रेक मारून मागे आलो. घरी कुणाला बोललो नाही पण हातपाय कापत होते. त्याच आठवड्यात पुण्यातलं गाड्यांच्या पार्टचं मार्केट, नाना पेठ गाठली.

नाना पेठेत सरळ व्यवहार करणारी दुकानं भरपूर आहेत, मी चेनसेट, केबल, ब्रेकशू वर्षानुवर्षं तिथूनच आणतो, त्यामुळे सगळ्या मार्केटला नावं ठेवत नाही. पण ओळखीचं दुकान बंद होतं म्हणून मी शेजारच्या गल्लीत शिरलो. शेठने आधी म्युझिकल हॉर्न पुढे केला, तो मी नको म्हणालो कारण एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 119 मध्ये, सरळ बंद आहे. मग त्याने शंखाच्या आकाराची जोडी काढली, एक हाय टोन एक लो टोन, खोक्यावर नावाजलेल्या कंपनीचं नाव आणि मोठ्या अक्षरात 118 डेसिबल. काउंटरखाली कारची भली मोठी बॅटरी ठेवलेली, तिला वायर टेकवून वाजवून दाखवला तर अख्खी गल्ली वळून बघायला लागली. टँकर डोळ्यांसमोर होताच, मी लगेच हो म्हणालो.

भाव सांगितला 1,600, रिले (बटणाच्या थोड्याशा करंटवर चालून हॉर्नचा मोठा करंट जोडणारा स्विच) आणि फिटिंगसकट. कॅश देत असाल तर 1,400 करतो भाऊ, म्हणाला. दिली कॅश. पोराने अर्ध्या तासात हॉर्न बसवले, हेडलाइटच्या मागे काळा रिले झिप टायने बांधलेला मला दाखवला, "दादा बघा, ओरिजिनल रिले टाकलाय" वगैरे. मधे एकदा फ्यूज उडाला म्हणून तो साइड पॅनल उघडून काहीतरी करत होता तेव्हा शेठने मला चहा पाजला आणि बोलण्यात गुंतवलं. जुना हॉर्न मागितला तर तो भंगारच आहे भाऊ, कशाला घेऊन जाता. सोडून दिला.

पहिले आठ दिवस बरे गेले, म्हणजे दुकानात वाजला तसा गाडीवर एकदाही वाजला नाही पण जुन्यापेक्षा बरा होता. मग सकाळी बटण दाबलं की इंडिकेटर मंद व्हायला लागले आणि जूनच्या पहिल्या पावसात हॉर्न दमेकऱ्यासारखा झाला. एका संध्याकाळी घाटाच्या मध्यावर बटण गरम लागलं आणि लगेच जळक्या प्लॅस्टिकचा वास, टाकीखालून धूर. पेट्रोलची टाकी आणि तिच्याखालून धूर. गाडी स्टँडला लावून मी लांब पळालो, नशिबाने तेवढ्यावरच थांबलं. ढकलत वर आणली आणि टेम्पोत टाकून सासवडला.

तिथे आमचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, तीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी हेडलाइट उघडला आणि रिले हातात घेऊन मला म्हणाले, ह्याच्या वायरी ओढ जरा. चारही वायरी टेपमधून अलगद बाहेर आल्या, प्रत्येकीचं टोक कापलेलं, कशालाच जोडलेली नाही!! रिले नुसता दाखवायला बांधला होता. दोन्ही हॉर्नचा सगळा करंट थेट त्या छोट्याशा बटणातून जात होता. काका म्हणाले असे दोन हॉर्न मिळून साधारण 10 अँपियर खातात, म्हणजे 120 वॅट, तुझ्या हेडलाइटचा बल्ब 35 वॅटचा आणि बॅटरी 2.5 अँपियर-तासाची, ती बिचारी किती पुरणार. मग साइड पॅनल काढलं. फ्यूज उडालेलाच होता आणि त्याच्यावर तांब्याच्या तारेचा पीळ गुंडाळलेला. म्हणजे हँडलजवळ वायर घासून सोलली आणि चासीला लागली तेव्हा करंट तोडायला फ्यूजच नव्हता, सरळ हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, वितळली. हॉर्नसुद्धा डुप्लिकेट, मागचं स्टिकर नखाने निघालं, खाली काहीच छापलेलं नाही.

दुकानात परत गेलो तर शेठ म्हणतो बिल दाखवा. बिल नाही, कार्डाच्या मागे पेनने लिहिलेला आकडा फक्त. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करायचं ठरवलं पण कॅश दिल्यामुळे माझ्याकडे पुरावा काय? 1,400 तर गेलेच, वर हार्नेस, हॉर्नचं बटण, बॅटरी आणि मजुरी मिळून 3,900 खर्च. सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू, काका म्हणाले जुना हॉर्न आणला असतास तर मागचा स्क्रू पाव फेरा फिरवून आणि कनेक्शन घासून दहा मिनिटांत वाजवून दिला असता. वडिलांच्या वेळचा कंपनीचा हॉर्न मी भंगार म्हणून सोडून आलो होतो.

आता काकांनी एकच डिस्क हॉर्न लावलाय, पक्क्या बिलाचा, रिले आणि स्वतंत्र फ्यूजसकट. टँकरवाल्याला ऐकू जातो, तेवढं बास. 118 चं म्हणाल तर तो आकडा हॉर्नच्या तोंडासमोर दोन मीटरवर मोजतात, अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल कमी होतात, सात मीटरवर तो 107 च्या आसपासच राहतो, तोही हॉर्न खरा असला तर.

कुणी अलीकडे बाहेरून हॉर्न बसवून घेतला असेल तर आजच दोन गोष्टी करा. रिलेला बोट लावून दुसऱ्या हाताने हॉर्न दाबा, प्रत्येक वेळी बोटाला टिक लागली पाहिजे. आणि साइड पॅनल उघडून फ्यूज बाहेर काढून बघा, त्याच्यावर तार गुंडाळलेली दिसली तर गाडी चालू न करता बॅटरीची वायर आधी सोडवा.