सेकंडहँड मॅच एअर रायफल, आठ महिन्यांनंतर: बॅरलचा घोळ आणि माझी चिकटगिरी

हवेच्या दाबावर चालणारी, स्पर्धेची ही रायफल आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली. बाकी सगळं सोडून थेट बॅरलवर, म्हणजे नळीवर येतो. गेले दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, घरचेही वैतागलेत.

जूनपर्यंत दहा मीटरवर पाच शॉट शर्टाच्या बटणाखाली झाकले जायचे. जुलैत ते इकडेतिकडे विखरायला लागले. दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे असलं चालतच नाही. भर पावसात वाघबीळहून ठाण्याच्या टीएमटी बसने रायफल घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. तपासणीचे आठशे घेतले आणि निकाल दिला, 'रायफलिंग गेलं, नवीन बॅरल घाला.' रायफलिंग म्हणजे पेलेटला, म्हणजे शिशाच्या छोट्या छर्‍याला, फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळदार खाचा. अहो, मऊ शिशाच्या पेलेटने पोलादी खाचा आठ महिन्यांत झिजतात होय?

घरी टॉर्च मारून मोजल्या. बाराच्या बारा खाचा शाबूत. पीळ ४५ सेंटिमीटरला एक फेरी आणि माझी नळी ४२ची, म्हणजे आत पेलेटची धड एक गिरकीही होत नाही. तरी सेकंदाला १७० मीटर वेगाने बाहेर पडताना ते सेकंदाला पावणेचारशे फेऱ्या घेत असतं! हा हिशेब मी चारदा केला, गरज नसताना.

मग बॅरल सोडवून हाताने एक पेलेट ढकललं. मध्ये सुळकन गेलं, शेवटच्या दोन इंचांत अडकलं. 'नळीच वाकडी विकली,' असं दुकानात जाऊन बोललो. ते शब्द मागे घेतो. नेमबाजीच्या रेंजवरचे सर हसले. तो चोक. तोंडाशी नळी मुद्दाम केसभर आवळलेली असते, म्हणजे प्रत्येक पेलेट एकसारखं, सरळ सुटतं. मी ज्याला खोट म्हणत होतो, त्याचेच तर पैसे मोजले होते. पण दुकानदाराने हे का सांगू नये?

खरी गोम डब्यात होती. जूनमध्ये तीनशे रुपये वाचवायला स्वस्त पेलेट घेतले होते. ढकललेलं पेलेट भिंगाखाली धरलं तर एका बाजूला खाचांचे ठसे ठळक, दुसऱ्या बाजूला पुसट. डोकं सैल, त्यामुळे कलतं आणि पीळ नीट पकडत नाही. वर चोकमध्ये शिसं साचलेलं. नळी पुसायला फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) तुकडे सहा वेळा ओढले, तेव्हा कुठे पांढरे निघाले.

आता ४.५० मिलिमीटर डोक्याचा जुनाच ब्रँड. ग्रुप, म्हणजे पाच शॉटचा पुंजका, पुन्हा बटणाखाली, पाचातला एक सुटतो तो माझ्या श्वासाचा.

आठशे काही परत मिळाले नाहीत. स्वस्तातले तीनशे पेलेट कपाटात आहेत, फेकवत नाहीत.