वेर्ण्याची पर्मनंट नोकरी की स्वतःची एसीची कामं?

मी आठ वर्षं गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात एसी मेंटेनन्सला पर्मनंट होतो, आता तीन वर्षं स्वतःची कामं घेतोय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. नोकरीत बेसिकच्या १२ टक्के पीएफ आपला कापतात तेवढाच कंपनी घालते, ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि चवथीला भरपगारी रजा मिळायची त्याची किंमत मला बाहेर पडल्यावरच कळली.

बाहेर दिवसाचा रेट जास्त दिसतो खरा, पण गॅस, टूल्स, पेट्रोल, आजारपण सगळं त्यातूनच. काम मात्र भरपूर आहे. कळंगुट-कांदोळीला खाऱ्या हवेने आउटडोअर युनिटची कॉइल लवकर सडते, सीझन सुरू व्हायच्या आधी सगळे हॉटेलवाले एकदमच फोन करतात आणि रात्री दहापर्यंत शिडीवर असतो, मग जून-जुलैत पावसात फोन वाजतच नाही. एका हॉटेलने तर माझं बिल चार महिने लटकवलं, घर बायकोच्या पगारावर चाललं, तेव्हापासून अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय मी टूलबॅग उघडत नाही.

जीएसटीचं टेन्शन सुरुवातीला नको, सर्व्हिसवाल्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही.

मला विचाराल तर मी परत नोकरीत जाणार नाही, पण घरात दुसरा पगार नसेल तर निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून आणि मेडिक्लेम काढूनच राजीनामा द्या.