डॉक्टरांविरुद्ध तक्रार : वैद्यक परिषद की ग्राहक आयोग?

उपचारात हयगय झाली अशी खात्री पटली, की प्रश्न उरतो तो दाद कुठे मागायची. पोलिसांचा रस्ता मी धरला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी कारवाईसाठी चूक ढोबळ आणि गंभीर असावी लागते, शिवाय आधी दुसऱ्या तटस्थ डॉक्टरचं मत लागतं. राहिली दोन दारं : वैद्यक परिषद आणि ग्राहक आयोग. मी दोन्ही ठोठावली आहेत.

२०२१ मध्ये आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुण्यात झालं. दुर्बिणीतून करताना पित्तनलिका कापली गेली आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णालयात पोट उघडावं लागलं.

आधी गेलो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. डॉक्टरांची चूक डॉक्टरांनाच कळेल, हा विचार. तो चुकीचा नव्हता. नोंदवहीतून डॉक्टरचं नाव काढण्याचा, म्हणजे प्रॅक्टिस थांबवण्याचा, अधिकार परिषदेलाच आहे. नुकसानभरपाई मात्र ती देत नाही. नियमात निर्णयाला सहा महिने लिहिलेत. पण सुनावणी मुंबईत आणि आम्ही सांगलीचे. आईला घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास केला. पहाटे सीएसएमटीच्या बाकावर तिने कोरड्या बिस्किटाबरोबर गोळ्या घेतल्या. आत गेल्यावर दहा मिनिटांत पुढची तारीख मिळाली, समोरच्यांनी मुदत मागितली होती. दुसऱ्या खेपेलाही तेच. परतताना आई म्हणाली, “मला आता झेपत नाही रे.” माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

मग गेलो जिल्हा ग्राहक आयोगाकडे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तिथली तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. उपचार पुण्यात, तक्रार सांगलीत. रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. तारखा इथेही पडल्या, कागदावरच्या तीन महिन्यांचं अडीच वर्षांवर गेलं. पण घरून निघून जेवायच्या वेळेला आई परत घरी असायची. वकील सक्तीचा नाही. तरी एकदा तरी गाठावा असं मला वाटतं, कारण तज्ज्ञ सर्जनचं लेखी मत मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे आणि कोणाकडे जायचं हे अनुभवी वकिलाला माहीत असतं.

दोन गोष्टींत चूक करू नका. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. परिषदेत गेलेला वेळ त्यातून आपोआप वजा होत नाही. आणि केसपेपर पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज करून मागा, नियमाने ७२ तासांत द्यावे लागतात. मोफत सरकारी रुग्णालयातल्या उपचारांना मात्र आयोगाचा रस्ता सहसा बंद असतो.

‘पैसे नकोत, पण या डॉक्टरने पुन्हा कोणाला असं करू नये’ एवढंच मनात असेल आणि मुंबई जवळ असेल, तर परिषदच योग्य. दोन्हीकडेही जाता येतं. एकच निवडायचं तर माझं मन जिल्हा आयोगाकडे झुकतं.

रुग्णालयाने आम्हाला फक्त डिस्चार्ज कार्ड दिलं होतं. आयोगाच्या आदेशावरून आतले कागद आले. त्यात ऑपरेशननंतरच्या चौथ्या दिवशीची, सकाळी सहाची सिस्टरची निळ्या शाईतली नोंद होती : डोळे पिवळे, डॉक्टरांना कळवलं. त्याच दुपारी आईला घरी सोडलं होतं.