गिअरबॉक्स नव्हे, सील गेलं होतं

आलिशान गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 'गेला' असं कोणी सांगितलं तर आधी एवढंच विचारा: ऑइलची लेव्हल बघितली का? माझ्या गाडीची कोणी बघितली नव्हती. तरीही पूर्ण ओव्हरहॉल आणि नवीन मेकाट्रॉनिकचं, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या आतल्या कंट्रोल पार्टचं, बिल माझ्या हातात आलं.

गाडी सेकंडहँड, पण निगा राखलेली. इंजिन गार असताना डी टाकला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग धाडकन झटका बसायचा. पुढे पुढे वळणावर गिअर सुटल्यासारखं होऊन इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. शेवटी डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. याला लिंप मोड म्हणतात. काहीतरी बिघडलंय असं वाटलं की कंट्रोल युनिट गिअरबॉक्स वाचवण्यासाठी गाडी रखडत नेता येईल इतपतच चालू ठेवतं. गाडी टो करून स्पेशालिस्ट म्हणवणाऱ्या एका गॅरेजमध्ये नेली.

मॅनेजरने स्कॅनर लावला, पी ०७३० हा कोड दाखवला आणि कोणीतरी दगावल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "साहेब, आतले क्लच जळालेत. मेकाट्रॉनिकपण गेलंय." मेकाट्रॉनिक म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग), सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि कंट्रोल युनिट यांचा एकत्र जोड, आत ऑइलमध्येच बसवलेला. महाग पार्ट असतो, त्यात वाद नाही. पण तो कोड फक्त एवढंच सांगतो की गिअरच्या हिशेबाने जो वेग जुळायला हवा तो जुळत नाही. क्लच घसरला तरी तो येतो, स्पीड सेन्सर चुकला तरी येतो आणि ऑइल कमी पडलं तरीही येतो. कोड तक्रार नोंदवतो, गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. बॅटरी कमजोर असली तरीसुद्धा काही गाड्या गिअरबॉक्सचा दिवा लावतात.

खरी मेख पुढे आहे. "उघडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही," असं म्हणून उघडण्याची परवानगी घेतात. एकदा उघडला की तुम्ही अडकलात. नको म्हणालात तर उघडल्याची मजुरी, परत जोडण्याची मजुरी आणि सुट्या भागांची गाडी दुसरीकडे न्यायचा खर्च, सगळं तुमच्याच गळ्यात. एस्टिमेटचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेला तरी माणूस हो म्हणतो, कारण नाही म्हणणंही तितकंच महाग करून ठेवलेलं असतं. मला मोबाइलवर जळून काळ्या पडलेल्या क्लच प्लेटचे फोटो आले. सोबत पॅनमधल्या मॅग्नेटवरच्या राखाडी चिखलाचाही फोटो, "बघा, लोखंड झिजतंय." खरं तर मॅग्नेटवर बारीक राखाडी थर जमणं नेहमीचंच आहे. हाताला टोचतील असे धातूचे कण दिसले तर मात्र काळजीचं कारण.

गाडी परत आली तेव्हा लोण्यासारखी चालत होती. मग तोच झटका पुन्हा सुरू झाला. गॅरेजवाले म्हणाले, "गिअरबॉक्स अजून ड्रायव्हिंग शिकतोय." या गिअरबॉक्सना अडॅप्टेशन, म्हणजे वापरानुसार स्वतःला जुळवून घेण्याची सोय, असतं हे खरं, त्यामुळे ही थाप पचायलाही सोपी.

दुसऱ्या एका फिटरने गाडी लिफ्टवर घेतली, खालचं कव्हर काढलं आणि बोट फिरवून दाखवलं: कव्हरच्या आतल्या बाजूला ऑइल साचलेलं. वायरिंगचा प्लग जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं प्लास्टिकचं स्लीव्ह आणि त्याची रबरी सील उष्णतेने कडक होऊन गळत होती. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला, साधारण ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना बाजूचा प्लग उघडतात. लेव्हल बरोबर असेल तर तिथून थोडं ऑइल ओघळतं. माझ्याकडे थेंबही आला नाही. पहिल्या गॅरेजने वरून ऑइल टाकलं, कोड पुसले, अडॅप्टेशन रिसेट केलं आणि गाडी माझ्या हवाली केली, एवढाच या फिटरचा निष्कर्ष.

मग त्याने ते फोटो मागितले. जळक्या प्लेटच्या मागे, फोटोच्या कोपऱ्यात, पत्र्याचं ऑइल पॅन पडलेलं दिसत होतं. माझ्या गिअरबॉक्सचं पॅन काळ्या प्लास्टिकचं, फिल्टर त्यातच बसवलेला. म्हणजे फोटो दुसऱ्याच कोणाच्या गिअरबॉक्सचे. त्याहून पक्का पुरावा स्कॅनरवर मिळाला. पहिल्या दिवशीच्या प्रिंटआउटवर कंट्रोल युनिटचा सिरीयल नंबर होता. 'नवीन' मेकाट्रॉनिक बसवल्यावरही नंबर तोच. नवीन युनिट असतं तर ते या गाडीच्या चॅसी नंबरला कोडिंग करून द्यावं लागलं असतं, आणि त्याची नोंदही असती.

छोटा पार्ट जातो आणि मोठ्याचं बिल फाटतं, हा प्रकार एका कंपनीच्या गाडीपुरता नाही. मर्सिडीजच्या १९९६ पासूनच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये प्लगच्या ओ-रिंगमधून (रबरी कडीतून) ऑइल वायरींच्या आतून चढत थेट कॉम्प्युटरपर्यंत जाणं ही जुनी ओळखीची खोड आहे. ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरज नाही, असंही ऐकवलं जातं. बऱ्याच आलिशान गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. क्लच खरोखर जळतात, ओव्हरहॉल खरोखर लागतो, प्रत्येक मेकॅनिक चोर नसतो. पण खरं काम करणारा जुना पार्ट तुमच्या डिकीत ठेवून देतो. म्हणून उघडायला परवानगी देण्याआधीच जॉब कार्डवर लिहून घ्या: लेव्हल कोणत्या तापमानाला तपासली, काढलेले पार्ट परत देणार, जुन्या आणि नव्या युनिटचे सिरीयल नंबर काय.

दोन्ही प्रिंटआउट समोर ठेवल्यावर मॅनेजर आधी म्हणाला, जुनं मेकाट्रॉनिक भंगारात गेलं. नंबरावर बोट ठेवल्यावर म्हणाला, "बिल बनवताना चूक झाली असेल." लेखी तक्रार आणि बरीच घासाघीस झाल्यावर मेकाट्रॉनिकचे पैसे परत मिळाले. ओव्हरहॉलच्या पैशांबाबत मात्र त्यांनी हात वर केलेत. गिअरबॉक्स उघडलाच नव्हता हे सिद्ध करायला तो उघडून दाखवावा लागेल, आणि तो खर्च माझाच.