गाडीचं दुरुस्तीकाम शिकायला जुनी पिकअप घेताय? चालू इंजिन बघू नका, शाबूत चेसिस बघा

नागपूरच्या आसपास जुनी डिझेल पिकअप शोधायला निघालं की बहुतेक दोन तऱ्हेच्या गाड्या समोर येतात. एक सेल्फ मारताच धडधडते, पण खालून सडलेली असते. दुसरी कित्येक पावसाळे गोठ्यामागे उभी, इंजिन जाम, पण अंगानं धड. चालू गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं, म्हणून पहिलीचा भाव चढा. स्वतः खपून शिकायचं असेल, तर मी दुसरी घ्या म्हणेन.

जाम इंजिन बरंच काही शिकवतं. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल सोडा, आठवडाभर मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढे खाली असलेल्या पट्ट्याच्या चाकाच्या) नटाला पाना लावून हळूहळू मागेपुढे हलवा. सेल्फची घाई नको. सुटलं तरी इंजेक्टर बाहेर ठेवूनच फिरवा, म्हणजे आतलं तेल बाहेर पडेल. नाहीतर तेल दाबलं जात नाही आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. नाहीच सुटलं, तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडायचं. वाडीकडे ट्रकांचा धंदा मोठा, त्यामुळे बोअरिंग (सिलिंडर आतून कातणं), क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून मापात आणणं) नागपुरात अडत नाही.

सडलेल्या गाडीचं तसं नाही. दाराचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास. साध्या आर्क वेल्डिंगनं भोकंच पडतात. सीओटू वेल्डिंगनं (बारीक तार आणि कार्बन डायऑक्साइड वायू वापरणारं) छोटे टाके मारत, मध्ये थंड होऊ देत गेलं तर जमतं. पण चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) किंवा पाट्यांच्या शॅकलपाशी (स्प्रिंगचे पाटे चेसिसला जोडणाऱ्या कड्यांपाशी) सडलं असेल, तर ते नवशिक्याचं काम नव्हे. तिथला कच्चा जोड रस्त्यावर जीव घेतो.

काटोल-कळमेश्वरकडची शेतावरची गाडी असेल तर डाल्याचे (मागच्या माल ठेवायच्या भागाचे) कोपरे आधी बघा. खताचे क्षार ओल धरतात आणि लोखंड खातात. चेसिसवर हातोडी टिचकवत जा. खणखणीत आवाज हवा. बद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. फक्त डालाच गेला असेल आणि चेसिस पक्की असेल, तर मात्र चालू गाडी खुशाल घ्या.

रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात थिनर उडून रंग खरबरीत बसतो.

पैसे देण्याआधी चेसिसवरचा ठोकलेला नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. गंजानं तो वाचता येत नसेल, तर गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आरटीओत फिटनेस आणि नूतनीकरण तिथेच अडतं.